एपिंगच्या जंगलातले मातीचे कोट: सायकलवरून गटाने जायचं तर

लंडनच्या ईशान्येला, भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनच्या टोकाशी, एपिंग फॉरेस्ट नावाचं जुनं जंगल आहे. त्यात लोहयुगातले दोन कोट आहेत, लाउटन कॅम्प आणि ॲम्ब्रेसबरी बँक्स. दोन्ही साधारण इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमाराचे, रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरण्याच्या कितीतरी आधीचे. दगड नाही, चुना नाही, बुरूज नाही. खंदक खणला, निघालेली माती आतल्या अंगाला रचली, झाला तट. राजगड-तोरणा पायाखाली घातलेला आपला माणूस इथे येतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "किल्ला कुठंय?" तेव्हा बरेचदा तो तटावरच उभा असतो.

लंडनमध्ये नव्याने आलेल्या आणि जंगलात सायकल घालायची सवय नसलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. चिंगफर्डहून निघून दोन्ही कोट बघत एपिंगला पोचायचं, अंतर सुमारे १४ किलोमीटर. अंतर काहीच नाही. तरी दिवस धरून चला, कारण माझ्या मते प्रत्येक कोटाला किमान पाऊण तास द्यायला हवा. बहुतेक गट तिथे पाच मिनिटं थांबतात, एक फोटो काढतात आणि चहाच्या टपरीकडे सुटतात. त्यांना मातीचा एक उंचवटा दिसतो, बाकी काही नाही. म्हणून आधी कोटांचा वेळ बाजूला काढा आणि उरलेल्या वेळात सायकल बसवा.

कधी जायचं

उन्हाळ्यात जंगल हिरवंगार आणि वाटा कोरड्या असतात, पण पानांच्या आणि नेच्यांच्या गर्दीत खंदक पार बुजून जातो. हिवाळ्यात झाडं उघडी, सूर्य खाली, सावल्या लांब. त्या तिरप्या उन्हात तटाची कड आणि खंदकाचा उतार स्वच्छ दिसतो. पण हिवाळ्यात चिखल. इथली जमीन बरीचशी चिकण मातीची. ती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी ठासून बसते की सायकल ढकलणंही मुश्किल होतं. शिवाय डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो.

नवख्यांसाठी माझी पसंती दोन मोसमांना. एक म्हणजे मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य, आधीचा आठवडा कोरडा गेला असेल तर. तेव्हा बीच या झाडांची पानं अजून फुटलेली नसतात आणि दिवसही मोठा झालेला असतो. दुसरा म्हणजे नोव्हेंबरातली पानगळ, मात्र सकाळी लवकर निघून दोन वाजेपर्यंत जंगलाबाहेर पडायच्या बोलीवर. तीन दिवस सलग पाऊस झाला असेल तर सरळ पुढे ढकला. त्या चिखलात फक्त तुमचे हाल होतात असं नाही, वाटाही उसवतात.

सोसाट्याचा वारा असेल तरीही जाऊ नका. याला कारण आहे. इथली बीच आणि हॉर्नबीमची झाडं शेकडो वर्षं डोक्याच्या वर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, छाटत असत. जळणाला लाकूड मिळे आणि नवे कोंब गुरांच्या तोंडी जात नसत. लाउटनच्या गावकऱ्यांना तर हिवाळ्यात फांद्या तोडण्याचा परंपरागत हक्क होता. जंगलाला कुंपणं घालायला निघालेल्या जमीनदारांशी त्यावरून भांडण झालं, माणसं तुरुंगात गेली, आणि शेवटी १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने जंगल सगळ्यांसाठी मोकळं राहिलं आणि देखभालीला सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे गेलं. हक्क मात्र संपला. भरपाईच्या पैशांतून लाउटनमध्ये लॉपिंग हॉल उभा राहिला, तो अजून आहे. छाटणी थांबल्यावर त्या फांद्या खोडाएवढ्या जाड झाल्या. आता एकेका बुंध्याच्या माथ्यावर पाच-सहा झाडं उभी असल्यासारखा भार आहे आणि वाऱ्यात त्या फांद्या तुटतात. जेवायला बसताना वर बघून बसा.

किती जण, कोण पुढे, कोण मागे

सहा ते आठ. दहाच्या वर गेलात तर दर फाट्यावर वाट बघण्यातच सकाळ जाते. गटात निदान दोघांना पंक्चर काढता यायला हवं आणि एकाने आदल्या आठवड्यात एकट्याने जाऊन वाट बघून आलेलं बरं.

वाट माहीत असलेला सगळ्यांत पुढे. सगळ्यांत मागे धीराचा, पंप बाळगणारा माणूस. त्याने कुणालाही मागे टाकायचं नाही, अगदी फोटोवाल्यालाही. नवखे मध्ये. नियम एकच: प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक डांबरी रस्त्याशी पुढच्याने थांबायचं आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय हलायचं नाही. जंगलात पाट्या कमी आणि पायवाटा अगणित. एक वळण चुकलं की हाक ऐकू येत नाही आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

वेग ताशी आठ-दहा किलोमीटर धरा. कुणी "आपण अजून इथेच?" म्हणालं की त्याला मागच्या पंपवाल्याच्या जोडीला द्या.

सायकल आणि सामान

भारी माउंटन बाइक लागत नाही. रुंद टायरची कुठलीही हायब्रिड चालते. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असले की झालं. बारीक टायरची रोड बाइक आणू नका. मध्य लंडनमधल्या भाड्याच्या सँटँडर सायकलीही नको. त्या जड असतात आणि त्यांचे तळ चिंगफर्डपर्यंत नाहीतच. टायरमधली हवा रस्त्यावरच्यापेक्षा थोडी कमी ठेवा, मुळांवरून जाताना हिसके कमी बसतात.

प्रत्येकाजवळ आपल्या चाकाच्या मापाची एक ट्यूब हवी. आपली ट्यूब दुसऱ्याच्या चाकाला बसेल या भरवशावर राहू नका. गटात मिळून दोन पंप, टायर काढायच्या पट्ट्या, ॲलन कीचा संच, चेनचा जोड. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, पण घाला. दिवे न्या, दुपारीही. दाट झाडीत आणि रस्ता ओलांडताना उपयोगी पडतात. लांब पँट घाला आणि पायमोजे वर ओढा. इथे हरणं आहेत, त्यामुळे गोचिडीही आहेत, आणि त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो.

खायला कोरडं आणि हाताने खाता येण्याजोगं: दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू. चुली, शेगड्या, बार्बेक्यू यांना जंगलात बंदी आहे, त्यामुळे तिथे गरमागरम भजी तळायचा बेत मनातून काढून टाका.

नकाशा कागदी असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १७४. फोनवर असेल तर घरूनच उतरवून घ्या. लाउटन कॅम्पचा ग्रिड संदर्भ टीक्यू ४१८ ९७५, ॲम्ब्रेसबरीचा टीएल ४३८ ००३. हे दोन आकडे सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करायची वेळ आली तर "झाडांच्या मध्ये" हा पत्ता चालत नाही.

चिंगफर्डहून निघताना

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंड रेल्वेची वीव्हर लाइन पकडा, शेवटचं स्टेशन चिंगफर्ड. शनिवार-रविवारी सायकल नेता येते. इतर दिवशी गर्दीच्या वेळी घडीची सोडून बाकी सायकली चालत नाहीत. रविवारी रुळांची कामं निघतात, म्हणून आदल्या रात्री टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेच्या, साइटवर नजर टाका.

स्टेशनबाहेर पडून रेंजर्स रोडने एक किलोमीटरवर क्वीन एलिझाबेथ हंटिंग लॉज लागतं. नाव एलिझाबेथचं, पण बांधलं तिच्या वडिलांसाठी, आठव्या हेन्रीसाठी, १५४३ साली. पांढऱ्या भिंतीची तीन मजली लाकडी इमारत. वरच्या मजल्यांच्या बाजू तेव्हा उघड्या असत, तिथून शिकार बघायची. शेजारीच माहिती केंद्र आणि स्वच्छतागृह आहे. ते वापरून घ्या, पुढे झाडंच आहेत.

इथेच सगळ्यांची ब्रेक-टायर तपासणी उरका. चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, सीटची खिट्टी घट्ट आहे का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

खाली पसरलेलं मैदान म्हणजे चिंगफर्ड प्लेन. तिथे आणि पुढे फेअरमीडच्या बाजूला लांब शिंगांच्या तपकिरी-पांढऱ्या गाई चरताना दिसतील. गळ्यात पट्टा असतो, तो उपग्रहावरून गाईची जागा ओळखतो आणि तिने ठरवलेली हद्द ओलांडायला घेतली की आवाज करतो. तारेचं कुंपण नाही म्हणून गाई सुटल्यात असं समजून कुणाला फोन करू नका. हळू जा, गाय आणि वासरू यांच्या मधून मात्र जाऊ नका.

कनॉट वॉटर या तळ्यापाशी आलात की ग्रीन राइड शोधा. व्हिक्टोरिया राणी १८८२ मध्ये जंगल जनतेला अर्पण करायला आली, त्या निमित्ताने काढलेला हा रुंद मार्ग. पुढचा बहुतेक प्रवास त्याच्या आधारानेच करायचा. तळ्याकाठची वाट पायी फिरणाऱ्यांना सोडा.

लवकरच ए१०४, म्हणजे एपिंग न्यू रोड, ओलांडावा लागतो. दिवसातली सगळ्यांत धोक्याची जागा हीच. गाड्या भरधाव येतात. सगळ्यांनी उतरायचं, ओळीत उभं राहायचं, दोन्हीकडे मोकळं दिसलं की एकदमच पलीकडे जायचं. एकेक करून पळू नका. नवख्यांना घेऊन या रस्त्यावरून सायकल चालवत जाण्याचा तर विचारही नको.

हा रस्ता ओलांडल्यावर दिशेची एक सोपी खूण मिळते. उत्तरेकडे जाताना गाड्यांचा आवाज पार ॲम्ब्रेसबरीपर्यंत डाव्या कानाला यायला हवा. उजव्या कानाला येऊ लागला तर थांबा आणि नकाशा उघडा.

वाटेत चालणारे, कुत्री, घोडेस्वार भेटतील. वाट त्यांची आधी, आपली नंतर. घोड्याच्या मागून जाताना घंटी वाजवू नका, घोडा बुजतो. लांबूनच "हॅलो, सायकली आहेत मागे" अशी हाक द्या, स्वाराने हात केला की चालण्याच्या वेगाने, भरपूर अंतर ठेवून पुढे व्हा. आणि किती जण मागे आहेत ते पहिल्यानेच सांगा: "अजून सहा येतायत."

लाउटन कॅम्प: उतरा आणि चाला

अर्ल्स पाथ हा छोटा रस्ता ओलांडून थोडं पुढे गेलात की कॅम्प जवळ येतो. इथे सायकलबंदी आहे. दोन्ही कोट कायद्याने संरक्षित स्मारकं आहेत आणि तटावरून सायकल नेणं, ढकलत नेणंसुद्धा, टाळायचं. मातीचा तट चाकांनी फार लवकर झिजतो. उड्या मारणाऱ्यांनी पाडलेल्या घळी पावसाने मोठ्या होत जातात. दगडी तट ढासळला तर दगड परत रचता येतो, इथे माती वाहून गेली की गेली.

सायकली बाहेर, वाटेच्या कडेला, एकमेकींना कुलूप लावून ठेवा. झाडाला साखळी बांधू नका. दोघांनी पहारा द्यायचा, अर्ध्या वेळाने पाळी बदलायची.

आता बघायचं कसं. मधोमध जाऊन उभं राहिलात तर नुसतं जंगल दिसेल. आतली जागा सुमारे चार हेक्टर आहे आणि सगळी झाडीने भरलेली. म्हणून कडेने सुरुवात करा. आतून बाहेर चालत जा: जमीन हळूहळू चढते, मग एकदम खाली जाते, मग पुन्हा थोडी वर येते. चढ म्हणजे तट, खोलगट भाग म्हणजे खंदक. एका माणसाला आधीच मळलेल्या वाटेवरून खंदकात उतरवा, दुसऱ्याला तटाच्या माथ्यावर उभं करा आणि तुम्ही वीस पावलं बाजूला सरका. दोघांच्या डोक्यांतला फरक बघितला की उंची एकदम लक्षात येते. मग तीच रेषा डोळ्यांनी धरून पुढे न्या, झाडांच्या मधून ती वळत जाताना दिसेल. एकदा दिसली की मग दिसायची थांबत नाही.

इथला तट बसका आणि पसरट आहे. अडीच हजार वर्षांत माथ्यावरची माती घसरून खंदकात गेली, म्हणजे तट उतरला आणि खंदक भरला, दोन्हीकडून उंची कमी झाली. वर दरवर्षी पानांचा थर. खंदकात पाय टाकताना काठीने चाचपून टाका, पानांखाली फांद्या आणि खड्डे लपलेले असतात. मनात तो दीडपट खोल आणि दीडपट उंच करून बघा, वर लाकडाची काही आड असेल असंही धरा, म्हणजे बाहेरून चढणाऱ्याचं काय झालं असतं ते कळतं.

जागा निवडलीय मोठ्या हुशारीने. कोट उंचवट्याच्या सोंडेवर आहे आणि बाहेर जमीन आपोआप उतरत जाते. आज झाडांमुळे पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही, पण झाडी नसताना रोडिंग नदीचं खोरं इथून नजरेत येत असणार. कशासाठी बांधला? आत सापडलेल्या वस्तू थोड्या, त्यामुळे अंदाजच जास्त: संकटात माणसं-गुरं आत घ्यायची जागा, किंवा ट्रिनोव्हँटीज आणि कॅटुव्हेलॉनी या दोन टोळ्यांच्या सीमेवरचं ठाणं. डिक टर्पिन हा अठराव्या शतकातला दरोडेखोर इथे लपायचा असंही सांगतात. लंडनच्या इतक्या जवळ असूनही हा कोट जाणकारांच्या ध्यानात आला तो थेट १८७२ साली, बी. एच. कूपर यांच्यामुळे. तेव्हा तुमच्या गटातल्या कुणाला पहिल्या दहा मिनिटांत काही दिसलं नाही तर चिडवू नका.

जमिनीत काही चमकताना दिसलं तरी उकरू नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे.

ॲम्ब्रेसबरी

कॅम्पच्या पुढे लाउटन ब्रुक हा ओढा आहे. त्याच्या काठालाही सायकल चालत नाही, म्हणून ग्रीन राइड सोडू नका. चढउतार इथे जास्त आहेत. उतारावर मुळं आडवी आलेली असतात. ती तिरपी घेतली की चाक घसरतं, काटकोनात घ्या आणि पुढचा ब्रेक सोडून ठेवा. वाटेत गोल्डिंग्ज हिल आणि पुढे जॅक्स हिलचा रस्ता ओलांडायचा, पहिल्यासारखंच उतरून, एकदम. वेक आर्म्सच्या मोठ्या चौकाकडे चुकूनही वळू नका.

ॲम्ब्रेसबरी बँक्स रस्त्याला इतका लागून आहे की गाड्यांचा आवाज तटावर ऐकू येतो. पण तट इथे जास्त ठसठशीत, काही ठिकाणी अजून दोन मीटरच्या आसपास उंच. आतली जागा साडेचार हेक्टरच्या जवळपास. लाउटनला डोळे तयार करून आलात तर इथे मजा येते, म्हणून हाच क्रम ठेवा. इथे सायकली बाहेर ठेवून तटाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारा. तट तुटलेला दिसेल तिथे थांबा आणि विचार करा, हे मूळचं दार की नंतर पडलेली वाट? दाराशी तटाची टोकं बेताने संपतात. नंतरच्या वाटेत तट मध्येच कापल्यासारखा वाटतो. नेहमीच ठरवता येतं असं नाही, पण गटात वाद घालायला उत्तम विषय आहे.

तटावरच्या बीचची मुळं नीट बघा. माती खाली घसरल्यामुळे ती उघडी पडलीत आणि बोटांनी मूठ आवळावी तशी तटाला धरून बसलीत. झाड उभं आहे तोवर माती धरून ठेवतं. पडलं की तटाचा तेवढा तुकडा घेऊनच पडतं. त्या मुळांवर चढून फोटो काढायचा मोह आवरा.

रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या बोडिका राणीची त्यांच्याशी शेवटची लढाई इथे झाली, अशी स्थानिक कथा आहे. ती लढाई इसवी सन ६० किंवा ६१ ची. ती इथे झाल्याचा पुरावा नाही. १८८१ मध्ये एसेक्स फील्ड क्लबने इथे खणलं तेव्हा पुरातत्त्वज्ञ जनरल पिट-रिव्हर्स हजर होते, आणि मिळालेल्या खापरांवरून कोट रोमनपूर्व ठरला. कथा सांगा, पण कथा म्हणून. आपल्याकडेही प्रत्येक लेण्यात पांडव एक रात्र राहून गेलेले असतातच.

जेवण इथेच, कोटाच्या बाहेर. चहाची तल्लफ आवरत नसेल तर हाय बीचच्या टपऱ्या आहेत, पण त्या ए१०४ च्या पलीकडे; त्यासाठी वेगळा दिवस काढा.

एपिंग आणि परतीची गाडी

ॲम्ब्रेसबरीहून एपिंग स्टेशन चारेक किलोमीटर. जंगलाची चिंचोळी पट्टी बेल कॉमनपर्यंत जाते. तिथल्या क्रिकेटच्या मैदानाखालून एम२५ हा महामार्ग बोगद्यातून जातो. वर चौकार, खाली ट्रक. नंतर वस्तीतून स्टेशनपर्यंत उतार. दमलेल्यांना थिडॉन बॉइस स्टेशनही चालेल.

सेंट्रल लाइनवर सायकल नेता येते, पण फक्त उघड्यावरच्या भागात आणि गर्दीच्या वेळा सोडून. मध्य लंडनच्या बोगद्यांत घडीची सायकलच चालते. म्हणून लेटनला उतरा आणि तिथून स्ट्रॅटफर्डपर्यंत सायकलनेच जा. टीएफएलचा सायकलींसाठीचा वेगळा नकाशा आहे, तो आधी बघून ठेवा. आठही जण एका डब्यात घुसू नका. दर दाराशी दोन सायकली, फार तर.

डब्यात चढण्यापूर्वी चाकांचा चिखल काठीने खरवडून टाका. घरी गेल्यावर चेन त्याच संध्याकाळी पुसून तेल द्या, ही चिकण माती वाळली की निघता निघत नाही. आंघोळीला जाताना गुडघ्यामागे, कमरेशी, केसांच्या कडेला गोचीड आहे का बघा. सापडली तर पिरगळू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगा.